बाक एक, खिसे वेगळे

1950 साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या रेहोबथ नावाच्या एका लहानशा बॅप्टिस्ट चर्चमध्ये एक भारतीय विद्यार्थी रविवारच्या उपासनेला जाऊन बसला. तो शेतीशास्त्र शिकत होता, हिंदू होता, आणि तिथल्या खेड्यात प्रार्थना कशी होते हे त्याला पाहायचे होते. त्याला घेऊन आली होती जवळच्या ‘कोइनोनिया’ शेतावरची माणसे. मंडळींना त्याचा धर्म खटकला नाही, खटकला तो त्याचा रंग. पाहुणा भारतातून आलेला आहे, असे समजावूनही काही उपयोग झाला नाही. त्याच ऑगस्टमध्ये चर्चने ठराव करून कोइनोनियाच्या सभासदांची नावे पटावरून काढून टाकली. वेगळ्या वंशाच्या लोकांना उपासनेला आणून त्यांनी मंडळीची शांतता बिघडवली, असा आरोप होता.

ही घटना एखाद्या मागास कोपऱ्यातला अपवाद नव्हती. अमेरिकेत गोरे आणि कृष्णवर्णीय ख्रिस्ती एकच बायबल वाचत होते, बहुतेक वेळा एकाच पंथाचे होते, आणि तरीही वेगवेगळ्या छपरांखाली बसत होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्जेस मेथॉडिस्ट चर्चमध्ये गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या कृष्णवर्णीय अ‍ॅबसलम जोन्स यांना विश्वस्तांनी मधेच ओढून उठवले, कारण ते ‘चुकीच्या’ जागी बसले होते. रिचर्ड अ‍ॅलन आणि त्यांचे सोबती तिथून बाहेर पडले ते परतले नाहीत. 1794 मध्ये अ‍ॅलन यांनी बेथेल चर्च उभे केले आणि 1816 मध्ये आफ्रिकन मेथॉडिस्ट एपिस्कोपल हा स्वतंत्र पंथ स्थापन झाला. दक्षिणेतल्या बॅप्टिस्टांनी तर 1845 मध्ये आपली वेगळी संघटनाच काढली. वाद होता गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी म्हणून पाठवायचे की नाही, हा. त्याबद्दल या संघटनेने माफी मागितली ती 1995 साली, म्हणजे दीडशे वर्षांनी.

रविवारी सकाळी अकराचा तास हा ख्रिस्ती अमेरिकेतला सर्वाधिक विभागलेला तास आहे, असे मार्टिन ल्यूथर किंग यांनी 1960 मध्ये दूरचित्रवाणीवर सांगितले. हे वाक्य तेव्हापासून इतक्यांदा वापरले गेले आहे की त्याची धार बोथट झाली. शिवाय त्यातून प्रश्न बसण्याच्या जागेचाच आहे, असा समज होतो. ही दरी बुजवण्याचे जे प्रयत्न झाले ते जवळून पाहिले तर वेगळेच दिसते. एकत्र बसणे बहुतेकांना थोडाफार काळ जमले. घर, पैसा आणि निर्णयाचा अधिकार वाटून घ्यायची वेळ आली की गाडी अडली.

एकत्र बसण्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटचे. 1906 मध्ये विल्यम सेमूर या कृष्णवर्णीय उपदेशकाने एका जुनाट इमारतीत सभा सुरू केल्या आणि पेंटेकोस्टल चळवळ जगभर पसरली. त्याआधीच्या वर्षी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये झालेल्या जागृतीची बातमी अझुसाच्या लोकांपर्यंत पोचलेली होती. सेमूर हे पूर्वी गुलामगिरीत असलेल्या आईबापांचे पुत्र. ह्यूस्टनला चार्ल्स पार्हम या गोऱ्या गुरूच्या वर्गात त्यांना आत बसता येत नसे, दाराबाहेर बसून ऐकावे लागे. अझुसाच्या सभेत मात्र गोरे, काळे, मेक्सिकन एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करीत. तेच पार्हम काही महिन्यांनी ते पाहायला आले आणि ती सरमिसळ पाहून त्यांनी सभेचा जाहीर निषेध केला.

पुढचे फार लवकर घडले. गोऱ्या पाळकांनी 1914 मध्ये ‘असेम्ब्लीज ऑफ गॉड’ ही आपली वेगळी संघटना बांधली. सेमूर यांच्याकडे मोजकी, बहुतांशी कृष्णवर्णीय मंडळी उरली, आणि पुढे चर्चचे पदाधिकारी कृष्णवर्णीयच असावेत असा नियम त्यांना स्वतःला करावा लागला. रंगभेद पुसला गेल्याचे जिथे मोठ्या उत्साहाने सांगितले जाई, तिथेच दहा वर्षांत ही पाळी आली.

हॉवर्ड थर्मन या कृष्णवर्णीय उपदेशकाची वाट निराळी होती, आणि ती भारतातून गेली. 1935-36 मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली कृष्णवर्णीय अमेरिकनांचे एक छोटे शिष्टमंडळ भारत, ब्रह्मदेश आणि सिलोनच्या दौऱ्यावर आले. तुमच्या लोकांना ख्रिस्ती राष्ट्रांनी गुलाम केले, मग तुम्ही ख्रिस्ती म्हणून इथे काय करता, असे कोलंबोत एका वकिलाने त्यांना सुनावले. थर्मन यांनी त्याला दिलेले सविस्तर उत्तर 1949 मध्ये ‘जीझस अँड द डिसइनहेरिटेड’ या पुस्तकाच्या रूपाने आले. बारडोलीला त्यांची गांधीजींशी भेट झाली. पाठोपाठ 1936-37 च्या हिवाळ्यात बेंजामिन मेज वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटून गेले. हेच मेज पुढे मोअरहाउस कॉलेजचे अध्यक्ष झाले आणि तरुण किंग यांचे गुरू.

परतल्यावर थर्मन यांना एकच ध्यास लागला : वंशभेद ओलांडणारी मंडळी प्रत्यक्षात चालवून दाखवायची. 1944 मध्ये त्यांनी हॉवर्ड विद्यापीठातली मानाची जागा सोडली आणि अ‍ॅल्फ्रेड फिस्क या गोऱ्या प्रेस्बिटेरियन पाळकाच्या जोडीने सॅन फ्रान्सिस्कोत ‘चर्च फॉर द फेलोशिप ऑफ ऑल पीपल्स’ सुरू केले. वस्ती होती फिलमोर. तिथल्या जपानी-अमेरिकन कुटुंबांना युद्धकाळात छावण्यांत हलवले होते आणि रिकाम्या घरांत जहाजबांधणीच्या कामावर आलेले कृष्णवर्णीय राहू लागले होते. प्रेस्बिटेरियन पंथ पैसे द्यायला तयार होता, पण थर्मन यांना ते नको होते. अनुदान घेतले की मंडळी ‘गरीब वस्तीतले मिशन’ होते, देणारा वर आणि घेणारा खाली राहतो, हे त्यांनी ओळखले होते. त्यांनी चर्च स्वतंत्र केले. या आढाव्यातला हा बहुधा सर्वांत शहाणा निर्णय असावा. मराठी ख्रिस्ती माणसाला तो लगेच कळेल, कारण परदेशी मिशनच्या पगारावरचा पाळक आणि मंडळीच्या वर्गणीवरचा पाळक यांतला फरक इथेही पिढ्यान्पिढ्या अनुभवला गेला आहे.

कोइनोनियाची गोष्ट या सगळ्यांत जास्त खोलात शिरण्याजोगी आहे, कारण तिथे खिशालाच हात घातला होता. क्लॅरेन्स जॉर्डन जॉर्जियाचेच. त्यांनी आधी शेतीची पदवी घेतली आणि नंतर नव्या कराराच्या ग्रीक भाषेत डॉक्टरेट. 1942 मध्ये ते आणि ब्रह्मदेशात मिशनरी असलेले मार्टिन इंग्लंड या दोन कुटुंबांनी सम्टर परगण्यात अमेरिकस गावाजवळ 440 एकर पडीक जमीन घेतली. नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी सगळे सामाईक ठेवल्याचे जे वर्णन आहे, ते जॉर्डन यांनी शब्दशः घेतले. मालमत्ता एकत्र, जेवण एका टेबलावर, आणि कामावर येणाऱ्या कृष्णवर्णीय मजुराला गोऱ्याइतकीच मजुरी. बाकी सगळे शेजाऱ्यांनी कदाचित चालवून घेतले असते, पण जेवणाचे टेबल त्यांच्या डोळ्यांत खुपले.

1956 मध्ये जॉर्डन यांनी अटलांटाच्या एका गोऱ्या सरकारी कॉलेजात प्रवेश मागणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची बाजू घेतली आणि परगणा उसळला. बियाणे, खत, गॅस, बँकेचे कर्ज, विमा, सगळे बंद झाले. अंडी कोणी घेईना, म्हणून कोंबड्या काढून टाकाव्या लागल्या. रस्त्याकडेचे त्यांचे दुकान बॉम्बने उडवले. रात्री घरांवर गोळ्या झाडल्या जात. ‘कॅथलिक वर्कर’ चळवळीच्या डोरोथी डे 1957 च्या ईस्टरला पाठिंबा द्यायला आल्या आणि रात्रीचा पहारा करत असताना त्यांच्या गाडीवरही गोळीबार झाला. त्या बचावल्या. परगण्याच्या ग्रँड ज्युरीने चौकशी केली आणि हे हल्ले शेतावरच्यांनीच घडवून आणले असावेत असा सूर लावला. स्थानिक बाजार बंद झाला तेव्हा शेतावरच्यांनी पिकॅन हा अक्रोडाच्या जातीचा सुकामेवा पोस्टाने देशभर विकायला काढला आणि त्यावरच शेत तगले.

इथवरची कथा शौर्याची आहे आणि अमेरिकी चर्चमध्ये ती तशीच सांगितली जाते. पण इतिहासकारांनी नोंदवलेली एक अवघड गोष्ट तीत सहसा येत नाही. कोइनोनियात कृष्णवर्णीय मजूर आले, शेजारी आले, मुले शिबिराला आली, पण पूर्ण सभासद झालेली कृष्णवर्णीय कुटुंबे अगदीच थोडी. त्याला एक कारण भीतीचे होते. गोऱ्या जॉर्डनच्या घरावर गोळी झाडली जात होती, तिथे काळ्या सभासदाच्या जिवाची काय शाश्वती? दुसरे कारण जास्त विचार करायला लावणारे आहे. ज्यांच्या आजोबांची स्वतःच मालमत्ता म्हणून खरेदी-विक्री होत होती, ज्यांनी उभा जन्म खंडाने दुसऱ्याची जमीन कसली, त्यांना आपली म्हणून चार एकर हवी होती. त्यांना मालमत्तेचा त्याग करा म्हणून सांगणे म्हणजे उपाशी माणसाला एकादशी सांगण्यासारखे होते. स्वेच्छेने गरीब होण्यासाठी आधी गाठीशी काही असावे लागते. जॉर्डन यांनी ते उशिरा का होईना, ओळखले.

1968 मध्ये मिलर्ड फुलर हे वकील त्यांच्यासोबत आले. फुलर तरुणपणीच लखपती झाले होते आणि पैसा वाटून मोकळे झाले होते. दोघांनी मिळून सामाईक मालकीचा हट्ट सोडला आणि शेताच्या कडेला भूखंड पाडले. गरीब कुटुंबाने स्वतः राबून घर उभारायचे, नफा आणि व्याज न लावता ठरलेली किंमत हप्त्यांनी फेडायची, आणि त्या पैशातून पुढच्याचे घर उभे राहायचे. मालकी कुटुंबाची, निधी सगळ्यांचा. पहिले घर पुरे होण्याआधीच, ऑक्टोबर 1969 मध्ये, जॉर्डन वारले. फुलर यांनी तीच पद्धत पुढे नेली आणि 1976 मध्ये ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ ही संस्था स्थापन केली. त्याच सम्टर परगण्यातल्या प्लेन्स गावचे जिमी कार्टर 1984 पासून तिच्यासाठी हातात हातोडा घेऊन काम करू लागले. 2006 मध्ये कार्टर लोणावळ्याजवळच्या पाटण गावी आले तेव्हा हजारो स्वयंसेवकांनी तिथे शंभर घरे बांधायला घेतली. मराठी वर्तमानपत्रांना त्यात ब्रॅड पिट दिसला. जॉर्जियातल्या त्या शेताचा उल्लेख कुठे फारसा आला नाही.

कोइनोनिया गोऱ्यांनी सुरू केलेला प्रयोग होता. मिसिसिपीत जॉन पर्किन्स यांनी उलट्या बाजूने सुरुवात केली. 1930 चा त्यांचा जन्म, शाळा तिसरीपर्यंत. महायुद्धातून परतलेल्या त्यांच्या थोरल्या भावाला 1946 मध्ये एका पोलिसाने गोळी घालून मारले. पर्किन्स कॅलिफोर्नियाला गेले, बऱ्यापैकी कमावू लागले, 1957 मध्ये ख्रिस्ताकडे वळले आणि 1960 मध्ये बायकामुलांसह मिसिसिपीतच, मेंडेनहॉल गावी, परतले. बायबलवर्गापासून सुरुवात करून सहकारी संस्था, दवाखाना, बालवाडी असे काम त्यांनी उभे केले. फेब्रुवारी 1970 मध्ये अटकेतल्या विद्यार्थ्यांना सोडवायला ते ब्रँडनच्या तुरुंगात गेले, तेव्हा गोऱ्या पोलिसांनी त्यांना मरणप्राय मारले. त्या मारानंतरच, म्हणजे द्वेष करायला सबळ कारण मिळाल्यावर, समेटाचा विचार आपल्यात पक्का झाला असे त्यांनी 1976 च्या आत्मकथनात लिहिले आहे.

पर्किन्स यांचे सूत्र तीन पायऱ्यांचे आहे. गरीब वस्तीत स्वतः राहायला जा, वैर मिटवा, आणि साधनांचे फेरवाटप करा. पहिल्या दोन पायऱ्यांवर अमेरिकी चर्चमध्ये असंख्य परिषदा झाल्या. तिसरीचे नाव निघाले की सभागृह रिकामे होत जाते.

जॅक्सन शहरातल्या ‘व्हॉइस ऑफ कॅल्व्हरी’ या त्यांच्या चर्चमध्ये देशभरातून सुशिक्षित गोरे तरुण सेवेसाठी येऊन राहिले. हेतूत खोट नव्हती. तरी 1983 च्या सुमाराला पर्किन्स यांचे थोरले चिरंजीव स्पेन्सर आणि इतर कृष्णवर्णीय सभासदांनी भर सभेत विचारले, आपल्या वस्तीतल्या आपल्या चर्चमध्ये महत्त्वाच्या जागांवर गोरेच का? उत्तर सोपे होते : त्यांच्याकडे पदव्या होत्या, हिशेब लिहिता येत होते, देणगीदारांशी बोलता येत होते. म्हणजे बाहेरच्या समाजाने शंभर वर्षे जे नाकारले, त्याच गोष्टींवर आत पात्रता ठरत होती. त्या बैठकांनंतर बरेच जण चर्च सोडून गेले.

जे थांबले त्यांत ख्रिस राइस हा गोरा तरुण होता. स्पेन्सर, राइस आणि काही कुटुंबांनी ‘अँटिऑक’ नावाने एकत्र संसार मांडला. पगार एका तिजोरीत, स्वयंपाकाच्या पाळ्या, घरी कायम पाहुणे. दोघांनी 1993 मध्ये मिळून समेटावर पुस्तक लिहिले आणि ते देशभर बोलावले जाऊ लागले. घरी मात्र दोघांचे बिनसत गेले. ते कडेलोटापर्यंत आले आणि ज्येष्ठ मित्रांच्या मध्यस्थीने मिटले. त्यानंतर काही महिन्यांतच, जानेवारी 1998 मध्ये, स्पेन्सर हृदयविकाराने गेले. पुढे अँटिऑकही विसर्जित झाले. राइस यांनी हे सगळे, कुरबुरी आणि अहंकारासकट, पुस्तकात मांडले. या विषयावरच्या ढीगभर उपदेशपर पुस्तकांपेक्षा ते कितीतरी उपयोगी आहे, कारण त्यात भांडणे वंशाची थोडी आणि भांड्यांची जास्त आहेत.

शिकागोच्या नॉर्थ लॉनडेलचा मार्ग सावध होता. नागरी हक्कांच्या 1966 च्या मोहिमेत किंग स्वतः काही काळ या वस्तीत राहिले होते. 1970 च्या दशकात वेन गॉर्डन हा गोरा शाळाशिक्षक आणि फुटबॉल प्रशिक्षक तिथे राहायला आला आणि 1978 मध्ये मुलांच्या बायबलवर्गातून लॉनडेल कम्युनिटी चर्च झाले. तुम्हाला काय हवे, असे वस्तीतल्या लोकांना विचारले तेव्हा यादीत कपडे धुवायला सुरक्षित जागा निघाली. चर्चने धुलाईयंत्र बसवले. 1984 मध्ये दवाखाना आला आणि तो आज त्या भागातल्या मोठ्या आरोग्यकेंद्रांपैकी आहे. 1989 मध्ये पर्किन्स आणि गॉर्डन यांनी अशा कामांची देशव्यापी संघटना बांधली.

हे सगळे चालू असताना मोठा प्रवाह मात्र उलट दिशेने वाहत होता, आणि त्याचा एक उगम मध्य भारतात होता. डोनाल्ड मॅकगॅव्हरन यांचा जन्म 1897 मध्ये दमोहचा, घराणे मिशनऱ्यांचे. मध्य प्रांतात दशकानुदशके काम करताना त्यांनी पाहिले की एकट्यादुकट्याचे धर्मांतर माणसाला जातीतून तोडते, पण अख्खी जात किंवा टोळी वळली तर चर्च झपाट्याने वाढते. त्यावरून त्यांनी सिद्धान्त काढला : वंश, भाषा, वर्ग यांच्या भिंती न ओलांडता ख्रिस्ती होणे लोकांना आवडते, तेव्हा मंडळी एकजिनसी ठेवा. 1960 च्या दशकात ते अमेरिकेत प्राध्यापक झाले. उपनगरांतली चर्चे वाढवू पाहणाऱ्या पाळकांना ही शिकवण हवीच होती. जातीच्या समाजात धर्मप्रसारासाठी काढलेला तोडगा तिथे सुखवस्तू गोऱ्या मंडळींच्या सोयीचे तत्त्वज्ञान झाला. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या परिसरात जातीची सवय बाप्तिस्म्याने आपोआप सुटत नाही, हे रोजचे दृश्य होते. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त आपले सोवळे कसे हळूहळू गळत गेले ते सांगितले आहे. पण ती सवय सोडायची असते, हे तिथे गृहीत होते. एकजिनसी चर्चच्या शिकवणीत ती सोडण्याची गरजच उरली नाही. लॅटिन अमेरिकेतल्या रेने पदिल्ला यांच्यासारख्या धर्मशास्त्र्यांनी तिच्यावर कडक टीका केली, तिचा प्रभाव मात्र टिकला.

समाजशास्त्रज्ञ या प्रश्नाकडे वळले ते मुख्यतः 2000 नंतर. मायकेल एमर्सन आणि ख्रिश्चन स्मिथ यांच्या ‘डिव्हायडेड बाय फेथ’ने दाखवले की गोरे इव्हँजेलिकल ख्रिस्ती वंशभेदाकडे व्यक्तीव्यक्तीतले पाप म्हणून पाहतात. मन बदलले, मैत्री झाली, की प्रश्न सुटला. घराचे कर्ज, शाळांचा निधी, पोलीस, नोकऱ्या हे त्यांच्या नजरेच्या टप्प्यातच येत नाही. कृष्णवर्णीय ख्रिस्ती तेच बायबल वाचून नेमके याच गोष्टींबद्दल बोलतात. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या 2022 च्या पाहणीनुसार संपत्तीच्या क्रमात मधोमध येणाऱ्या गोऱ्या कुटुंबाची निव्वळ संपत्ती 2,85,000 डॉलर आणि तशाच कृष्णवर्णीय कुटुंबाची 44,900 डॉलर होती. शेजारी बसून गाणी म्हणणाऱ्या दोन कुटुंबांतले हे अंतर कितीही मिठ्या मारल्या तरी कमी होत नाही.

आकड्यांत प्रगती दिसते. ज्या मंडळीत कोणत्याही एका वंशगटाचे प्रमाण 80 टक्क्यांपेक्षा जास्त नाही, तिला बहुवंशीय मानले जाते. 1998 मध्ये अशा मंडळी 6 टक्के होत्या, 2019 मध्ये 16 टक्के झाल्या. पण वाहतूक बहुतांशी एकतर्फी आहे. कृष्णवर्णीय, लॅटिनो, आशियाई गोऱ्या चर्चमध्ये जातात. गोरे कृष्णवर्णीय चर्चमध्ये सभासद होऊन राहिल्याची उदाहरणे विरळाच. कोरी एडवर्ड्स यांनी 2008 च्या अभ्यासात सांगितले की मिश्र चर्चमध्ये गाणी, वेळेचे भान, उपदेशाची लांबी, कोणत्या विषयावर बोलायचे नाही, हे सगळे गोऱ्यांच्या सवयीने ठरते, कारण मनाविरुद्ध झाले तर निघून जाण्याची सोय त्यांना जास्त असते. 2016 च्या निवडणुकीनंतर उलटेही घडले. राजकारण आणि पोलिसी अत्याचार यांवर चर्चच्या मौनाला कंटाळून बरेच कृष्णवर्णीय सभासद शांतपणे बाहेर पडले आणि आईवडिलांच्या जुन्या चर्चकडे परतले.

त्या जुन्या चर्चला ‘फुटीर’ म्हणणे हा या चर्चेतला आवडता अन्याय आहे. अ‍ॅलन यांच्या पंथाने आपले दार कधी बंद केले नव्हते. त्याच पंथाच्या चार्ल्सटनमधल्या इमॅन्युएल चर्चने जून 2015 मध्ये एका अनोळखी गोऱ्या तरुणाला बायबलवर्गात बसवून घेतले आणि त्याने नऊ जणांना गोळ्या घातल्या. दोनशे वर्षे जिथे कृष्णवर्णीयांना स्वतःच्या पैशावर आणि स्वतःच्या निर्णयाने काही चालवता आले अशी ही जवळजवळ एकमेव संस्था. ती मोडून दुसऱ्याच्या सभागृहात जागा घ्यायची, तर बदल्यात काय मिळणार, हे विचारायचा तिला हक्क आहे.

एडवर्ड्स आणि रिबेका किम यांचे 2024 चे पुस्तक या व्यवहाराची आणखी एक बाजू दाखवते : मिश्र मंडळी चालवणारे कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि आशियाई पाळक. स्वतःच्या समाजाचे चर्च सोडून ते या कामाला आलेले असतात, त्यामुळे तिथला आधार तुटतो. नव्या मंडळीतले गोरे सभासद त्यांना सहजासहजी पुढारी मानत नाहीत. गोऱ्या पाळकाला पंथातून, ओळखीतून जी मदत मिळते ती त्यांच्यापर्यंत पोचत नाही. मंडळी फुटू द्यायची नाही म्हणून वंशाच्या प्रश्नावर किती बोलायचे हे त्यांना दर रविवारी तोलावे लागते, आणि ती फुटलीच तर निघून जाणाऱ्यांबरोबर बहुतेक वेळा वर्गणीचा मोठा वाटाही जातो.